परळ ते बार्शी : कर्करोगाच्या विषाणूंचा माग

माणसाला होणाऱ्या कर्करोगामागे विषाणू असू शकतो का, आणि असला तर तो प्रयोगशाळेत ओळखायचा कसा, या प्रश्नावर मुंबईत परळच्या प्रयोगशाळांमध्ये १९५० च्या दशकापासून काम होत आले आहे. या कामाचे दोन ठळक टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू सापडतो का हे पाहण्यासाठी मुंबईतील पारशी स्त्रियांचे दूध इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. त्या निष्कर्षांची जगभर चर्चा झाली, पण रोगिणीच्या उपयोगी पडेल अशी चाचणी त्यातून निघाली नाही. दुसऱ्या टप्प्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू ओळखणारी चाचणी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील खेड्यांत वापरली गेली आणि तिने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. दोन्ही वेळी काम करणारी माणसे तितकीच कसलेली होती. फरक पडला तो पुराव्यामुळे. विषाणू दिसणे आणि विषाणूमुळे रोग होणे या दोन गोष्टींमधले अंतर पहिल्या टप्प्यात कापता आले नाही. दुसऱ्यात ते कापले गेले.

उंदरिणीच्या दुधातला घटक

विषाणूमुळे प्राण्यांना कर्करोग होऊ शकतो हे १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या पेटन राऊस यांनी दाखवले. कोंबडीच्या मांसल गाठीचा अर्क त्यांनी जिवाणूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला आणि तो दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही तशीच गाठ झाली. ही गोष्ट वैद्यकाने सहजासहजी मान्य केली नाही. राऊस यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, म्हणजे तब्बल ५५ वर्षांनी.

स्तनाच्या कर्करोगाबाबत असाच शोध अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत लागला. तिथे उंदरांचे काही वाण असे होते की त्यांतल्या बहुतेक माद्यांना स्तनाचा कर्करोग होई. काही वाणांत तो क्वचितच दिसे. जॉन बिटनर यांनी कर्करोगप्रवण वाणाची पिल्ले जन्मताच आईपासून उचलून दुसऱ्या, निरोगी वाणाच्या मादीच्या अंगावर पाजायला ठेवली. त्या पिल्लांमधले कर्करोगाचे प्रमाण एकदम खाली आले. रोग रक्ताच्या नात्याने येत होता तसा आईच्या दुधातूनही येत होता. बिटनर यांनी हे १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी कर्करोगाच्या संदर्भात विषाणू हा शब्द उच्चारणे धाडसाचे असल्यामुळे त्यांनी त्याला नुसते 'दुधातला घटक' म्हटले.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि हा घटक डोळ्यांना दिसू लागला. मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग एवढा व्यास, गोल आकार, वरच्या आवरणावर बारीक काटे आणि आत एका कडेला सरकलेला गाभा, असे त्याचे रूप होते. या रूपाच्या कणांना 'ब' प्रकारचे कण असे नाव पडले. हा विषाणू पिल्लाच्या पोटात गेल्यावर अनेक महिने गप्प राहतो आणि मादी गाभण राहिली की तिच्या शरीरातील संप्रेरकांच्या प्रभावाखाली जोर धरतो, हेही हळूहळू उलगडत गेले.

परळचे संशोधन केंद्र

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ होते. गाठीचा तुकडा तपासून निदान करणे एवढ्यावर ते थांबत नसत. रोगी कोणत्या समाजाचा, काय खातो, काय चघळतो, कसे कपडे नेसतो याकडे त्यांचे लक्ष असे. पेटते टोक तोंडात धरून चुट्टा ओढण्याची आंध्र किनाऱ्यावरील पद्धत आणि टाळूचा कर्करोग, कमरेला घट्ट धोतर कसण्याची सवय आणि त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग, असे संबंध परळमध्ये तपासले गेले. एकाच शहरात राहणाऱ्या हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती आणि पारशी समाजांत कर्करोगाचे प्रकार वेगवेगळ्या प्रमाणात आढळतात, ही मुंबईची खास संधी खानोलकरांनी ओळखली होती.

१९५२ मध्ये रुग्णालयाशेजारी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या विद्यार्थिनींमध्ये डॉ. कमल रणदिवे होत्या. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल समर्थ लग्नानंतर मुंबईला आल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. त्यानंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परतल्यावर त्यांनी परळला भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

रणदिवे यांचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग हा होता. त्यांनी उंदरांचे वाण पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. त्यांतल्या एका कर्करोगप्रवण वाणाला संस्थेच्याच नावाने 'आयसीआरसी' उंदीर म्हणून शास्त्रजगतात ओळख मिळाली. विषाणू, संप्रेरके आणि आनुवंशिक कल या तिघांचा मेळ बसला की मादीला कर्करोग होतो, हे त्यांच्या कामातून पुढे आले. वाण वेगळा असेल तर तोच विषाणू निरुपद्रवी ठरू शकतो, ही बाब पुढच्या घटना समजून घेताना महत्त्वाची आहे.

याच संस्थेत डॉ. सत्यवती सिरसाट यांनी वैद्यकीय संशोधनासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग घडवला. सुपारी चघळणाऱ्यांच्या तोंडाच्या आतल्या त्वचेत होणारे बदल हे त्यांचे एक महत्त्वाचे काम. भारतात या यंत्रावर जैविक नमुने तपासण्यात ज्यांचा हात बसलेला होता अशा मोजक्या लोकांत त्या होत्या. उंदरांच्या विषाणूची पारख असलेल्या शास्त्रज्ञ आणि विषाणू पाहण्याचे यंत्र एकाच आवारात असलेली परळ ही आशियातील थोड्या जागांपैकी एक होती. संस्था १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आली आणि १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र मिळून टाटा स्मारक केंद्र झाले.

कुलाब्यापासून मुलुंडपर्यंतची मोजणी

एखाद्या समाजात रोग जास्त आहे असे म्हणायचे तर नुसते रुग्णालयातले रोगी मोजून भागत नाही. त्या समाजाची एकूण माणसे किती, हे माहीत असावे लागते. हे काम १९६३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई कर्करोग नोंदणीने केले. लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली नोंदणी. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या वतीने डॉ. दाराब जस्सावाला यांनी ती उभी केली.

नोंदणीची हद्द बृहन्मुंबईची होती, आणि ती हद्द नुकतीच वाढली होती. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये महापालिकेत आले होते. गिरणगावाबरोबरच लोकलच्या दोन्ही मार्गांवर वाढत चाललेली उपनगरेही त्यामुळे मोजणीत आली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांतून फिरत, विकृतिशास्त्र विभागांची दप्तरे पाहत, महापालिकेच्या मृत्युनोंदी तपासत आणि एकच रोगी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे पडताळत. उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेला रोगी मोजणीत धरला जात नसे. निदानाआधी किमान वर्षभर तो मुंबईचा रहिवासी असावा लागे.

या मोजणीतून समाजासमाजांतला फरक आकड्यांत उतरला. गर्भाशयमुखाचा कर्करोग हिंदू स्त्रियांत अधिक होता. मुसलमान आणि पारशी स्त्रियांत कमी. स्तनाच्या कर्करोगाचे चित्र वेगळे होते. दादरच्या पारशी कॉलनीपासून जोगेश्वरीच्या माल्कम बागेपर्यंत पसरलेल्या पारशी समाजात तो शहरातील इतर सर्व समाजांपेक्षा जास्त होता. टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. जे. सी. पेमास्टर आणि पी. गंगाधरन यांनी १९७० मध्ये मुंबईच्या पारशी समाजातील कर्करोगावर स्वतंत्र निबंध लिहिला.

पारशी स्त्रियांत लग्न उशिरा होणे, अविवाहित राहणे आणि मुले कमी असणे हे इतर समाजांपेक्षा जास्त होते, आणि या तिन्ही गोष्टींनी स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढते हे तेव्हाही ठाऊक होते. पण आणखी एक बाब विषाणूच्या शोधात असलेल्यांना खुणावत होती. पारशी समाज शेकडो वर्षे आपसातच लग्ने करत आला होता. प्रयोगशाळेतील उंदरांचा वाण जसा आपसातल्या मीलनातून जपला जातो आणि त्यात विषाणू पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, तसे माणसांत कुठे घडत असेल तर ते अशाच समाजात दिसेल, असा तर्क होता.

दुधाचे नमुने

अमेरिकेत न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे डॅन मूर हे उंदरांच्या स्तन-कर्करोगाच्या विषाणूचे जाणकार शास्त्रज्ञ माणसाच्या दुधात तसेच कण दिसतात का हे पाहत होते. स्त्रीच्या गाठीचा अर्क दुसऱ्या स्त्रीला टोचून पाहणे कल्पनेतही शक्य नव्हते. दूध मात्र कोणालाही इजा न करता मिळू शकत होते, आणि उंदरांमध्ये विषाणूची वाट तीच होती.

मूर यांचा गट आणि मुंबईचा गट एकत्र आले. पारशी मातांचे दूध मिळवले गेले. अशा तपासणीत दुधावरची चरबी आधी काढतात, मग ते अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून जड भाग तळाशी बसवतात. तळाचा साका बारीक जाळीवर घेऊन जड धातूच्या क्षाराने रंगवतात, म्हणजे कणाभोवतीची जागा काळी होते आणि कण उजळ उठून दिसतो. मग सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तासन्‌तास शोध चालतो. दुधात केसिन प्रथिनाचे गोळे असतात, चरबीच्या थेंबांची फाटलेली आवरणे असतात, आणि त्यातली काही गोल वळून हुबेहूब विषाणूसारखी दिसतात. काट्यांची रांग आणि कडेला सरकलेला गाभा हे दोन्ही दिसल्याशिवाय कण 'ब' प्रकारचा मानायचा नाही, ही शिस्त पाळावी लागते.

फेब्रुवारी १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात माणसातील स्तन-कर्करोगाच्या विषाणूचा शोध या विषयावरील निबंध आला. मूर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर लेखकांत एस. एम. सिरसाट, जे. सी. पेमास्टर आणि ए. बी. वैद्य ही मुंबईची नावे होती. निष्कर्ष लक्ष वेधून घेणारा होता. ज्यांच्या घराण्यात स्तनाचा कर्करोग नव्हता अशा अमेरिकी स्त्रियांपैकी ५ टक्के स्त्रियांच्या दुधात असे कण दिसले. ज्यांच्या घराण्यात तो होता त्यांच्यात हे प्रमाण ६० टक्के होते, मात्र अशा स्त्रियांची संख्या अगदी थोडी होती. मुंबईच्या पारशी स्त्रियांत ते ३९ टक्के होते.

त्याच वर्षी न्यूयॉर्कला सोल स्पिगेलमन यांच्या गटाने दुसरा पुरावा पुढे आणला. आरएनएवरून डीएनए तयार करणारे विकर काही कर्करोगकारी विषाणूंमध्ये असते, हे हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये दाखवले होते. स्त्रियांच्या दुधातील कणांतही त्या विकराची क्रिया स्पिगेलमन गटाला आढळली. पुढे वैद्य यांनी मूर यांच्यासह १९७४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की स्त्रियांच्या स्तनातील गाठींच्या आरएनएचा काही भाग उंदरांच्या विषाणूशी जुळतो. अमेरिकेत डिसेंबर १९७१ मध्ये कर्करोगविरोधी कायदा झाला आणि विषाणूंच्या शोधाला मोठा निधी मिळाला. स्तनाच्या कर्करोगावर लस निघेल अशी आशा बोलून दाखवली जाऊ लागली.

जुळणी कुठे सुटली

त्याबरोबर एक भीतीही पसरली. आईच्या दुधात कर्करोगाचा विषाणू असेल, तर ज्या घराण्यात हा रोग आहे त्या घरातील आईने मुलीला अंगावर पाजावे का? हा प्रश्न वैद्यकीय नियतकालिकांत खरोखरच विचारला गेला. त्याचे उत्तर लोकसंख्येच्या आकड्यांनी दिले. अमेरिकेत स्तनपानाचे प्रमाण अनेक दशके घटत गेले होते, तरी स्तनाचा कर्करोग त्याबरोबर घटला नव्हता. अंगावर वाढलेल्या आणि बाटलीवर वाढलेल्या मुलींमध्ये पुढे रोगाचे प्रमाण वेगळे निघाले नाही. ज्या देशांत जवळजवळ प्रत्येक बाळ आईच्या दुधावर वाढते, तिथे हा रोग कमीच होता. बिटनर यांच्या उंदरांचा नियम माणसाला लागू पडत नव्हता.

प्रयोगशाळेतील पुरावाही तपासणीच्या कसोटीवर टिकला नाही. इतर प्रयोगशाळांनी दुधाचे नमुने पाहिले तेव्हा कण दिसणाऱ्या स्त्रिया आणि रोगाची जोखीम असलेल्या स्त्रिया यांची जुळणी होईना. १९८० च्या दशकात आणखी एक खुलासा मिळाला. माणसाच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच लाखो वर्षांपूर्वी शिरलेल्या विषाणूंचे अवशेष आहेत, आणि त्यांतील काहींची रचना उंदरांच्या स्तन-कर्करोगाच्या विषाणूशी बरीच मिळते. गाठीच्या आरएनएत उंदराच्या विषाणूसारखा तुकडा सापडला म्हणजे विषाणू बाहेरून आला असे त्यामुळे म्हणता येत नव्हते. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने नव्या, अधिक संवेदनशील पद्धतीने अमेरिकी स्त्रियांच्या गाठींत उंदराच्या विषाणूसारखे जनुक पुन्हा शोधून काढले. पण प्रयोगशाळेत उंदराच्या डीएनएचा अंशमात्र जरी मिसळला तरी अशा पद्धतीत तो सापडतो, हा आक्षेप पुढे आला आणि वाद मिटला नाही. स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू म्हणून कोणत्याही विषाणूला आजवर मान्यता मिळालेली नाही.

म्हणून परळच्या त्या कामाला चूक म्हणणे अन्याय्य ठरेल. जे दिसले ते प्रामाणिकपणे मोजले आणि मांडले गेले. उणीव होती ती पुढच्या तीन पायऱ्यांची. विषाणू रोगाच्या आधी शरीरात होता का, विषाणू असलेल्यांना पुढे रोग झाला आणि नसलेल्यांना तो टळला का, आणि विषाणूचा बंदोबस्त केल्यावर रोग घटला का, या प्रश्नांची उत्तरे सूक्ष्मदर्शक देऊ शकत नव्हता. त्यासाठी हजारो स्त्रियांकडे वर्षानुवर्षे पाहावे लागणार होते.

गाठीत लपलेला दुसरा विषाणू

ज्या विषाणूबाबत ही तिन्ही उत्तरे मिळाली, तो त्या काळातही प्रयोगशाळांमध्ये होताच. कोणाला माहीत नव्हता इतकेच. कमल रणदिवे ज्यांच्याकडे शिकल्या त्या जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी, तिची संमती न घेता, वाढवल्या गेल्या. त्या 'हेला' पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या आणि आजही वाढत आहेत. त्या पेशींच्या डीएनएत एक विषाणू शिरून बसला होता. त्याचा पत्ता लागायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला.

गर्भाशयमुखाचा कर्करोग लैंगिक संबंधांशी निगडित असावा अशी शंका फार जुनी आहे. इटलीतील व्हेरोना शहराच्या मृत्युनोंदी पाहून रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ मध्येच लिहिले होते की जोगिणींमध्ये हा रोग जवळजवळ दिसत नाही आणि विवाहितांत तो जास्त असतो. मुंबईच्या समाजांमधला फरकही त्याच दिशेने बोट दाखवत होता. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी ही शंका मानवी पॅपिलोमा विषाणूवर, म्हणजे एचपीव्हीवर केंद्रित केली. हा विषाणू प्रयोगशाळेत सहज वाढत नाही आणि गाठीत त्याचे पूर्ण कण क्वचितच सापडतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक इथे हतबल होता. त्सुर हाउझेन यांच्या गटाने म्हणून कण शोधण्याऐवजी विषाणूचा डीएनए शोधला. १९८३ मध्ये त्यांना एचपीव्ही १६ हा प्रकार सापडला, आणि १९८४ मध्ये एचपीव्ही १८. हेला पेशींत होता तो १८ क्रमांकाचा. २००८ मध्ये त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळाले. जगभरच्या गाठी तपासून १९९९ मध्ये निघालेला आकडा असा की गर्भाशयमुखाच्या ९९.७ टक्के कर्करोगांत एचपीव्हीचा डीएनए असतो.

रोगाची चालही स्पष्ट झाली. बहुसंख्य स्त्रियांना आयुष्यात कधीतरी या विषाणूचा संसर्ग होतो आणि एक-दोन वर्षांत शरीर तो घालवून टाकते. काहींमध्ये तो टिकून राहतो. टिकलेल्या संसर्गातून पेशींत बदल होतात आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षे लागतात. एवढा अवधी हातात असल्यामुळेच चाचणीला अर्थ येतो.

बार्शीची कसोटी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने तिथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावांत नोंदणीचे लोक जात, ग्रामस्थांशी बोलत, आजाराची लक्षणे समजावून सांगत आणि संशयित रोगी शोधत. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. या भागात स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त होता, आणि बहुतेक रोगिणी रोग पसरल्यावर येत.

१९९९ मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचपणी सुरू झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचे हे संयुक्त काम होते, डॉ. आर. शंकरनारायणन, डॉ. नेने, डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि डॉ. केतायून दिनशॉ हे त्यातील प्रमुख. गावांचे ५२ समूह पाडून त्यांचे चिठ्ठीने चार गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. एका गटात एचपीव्ही चाचणी एकदाच करायची, दुसऱ्यात पेशींची काचपट्टी तपासायची, तिसऱ्यात गर्भाशयमुखावर पातळ अॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचे आणि चौथ्यात तेव्हा उपलब्ध होती तीच सेवा चालू ठेवायची, अशी मांडणी होती.

एचपीव्ही चाचणीत स्त्रीच्या गर्भाशयमुखावरून छोट्या ब्रशने पेशी घेऊन एका द्रवात ठेवतात. प्रयोगशाळेत अल्कलीने डीएनएचे दोन धागे सुटे करतात आणि त्यात धोक्याच्या १३ प्रकारांशी जुळणारे आरएनएचे तुकडे घालतात. विषाणूचा डीएनए असेल तर तो त्या तुकड्यांशी जोडी जमवतो. अशी जोडी ओळखणारी प्रतिपिंडे तिला पकडून ठेवतात आणि रासायनिक क्रियेने प्रकाश निघतो. यंत्र तो प्रकाश मोजते. पाहणाऱ्याच्या अनुभवावर निकाल अवलंबून राहत नाही. चाचणीत दोष आढळलेल्या स्त्रियांची पुढे दुर्बिणीने तपासणी झाली आणि गरज पडली तिथे रोगपूर्व भाग गोठवून किंवा कापून काढला गेला.

आठ वर्षांनंतरचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. चाचणी न झालेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या आणि त्यांतील ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या होत्या. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रियांमागे असे ३४ मृत्यू झाले. वाढलेल्या अवस्थेतील रोग चाचणी न झालेल्या गटात ८२ जणींना, तर एचपीव्ही गटात ३९ जणींना झाला. पेशी तपासणे आणि डोळ्यांनी पाहणे या पद्धतींनी मृत्यूंत एवढी स्पष्ट घट केली नाही. ज्यांच्या चाचणीत विषाणू नव्हता, त्यांच्यात पुढील वर्षांत हा रोग अन्य दोन पद्धतींनी निर्दोष ठरलेल्या स्त्रियांपेक्षा कितीतरी कमी आढळला. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने हे साधले.

या यशाची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. चौथ्या गटातील स्त्रियांना चाचणी न देता त्यांच्यातील मृत्यू मोजणे योग्य होते का, आणि त्यांना पुरेशी कल्पना देऊन संमती घेतली होती का, यावर पुढे तीव्र टीका झाली. चाचणी उपयोगी आहे हे ज्या आकड्याने सिद्ध झाले, तो त्या ६४ स्त्रियांच्या मृत्यूंचा आकडा आहे. त्यांचे ऋण या संशोधनावर कायम राहील.

मुंबईच्या वस्त्यांत

मुंबईतही त्याच काळात एक चाचपणी चालू होती. १९९८ पासून टाटा स्मारक केंद्राने झोपडपट्ट्यांचे २० समूह निवडून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा त्यात समावेश केला. इथे विषाणूची चाचणी वापरली नव्हती; ती तेव्हा महाग होती. शालान्त शिक्षण झालेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी अॅसेटिक आम्ल लावून तपासणी केली गेली. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आम्ल लावून एकदाच केलेल्या तपासणीने उस्मानाबादेत जे साधले नव्हते, ते वारंवार केलेल्या त्याच तपासणीने मुंबईत साधले. महागड्या यंत्राविनाही जीव वाचतात, हे त्यातून सिद्ध झाले.

दरम्यान मुंबईच्या नोंदणीत चित्र पालटत गेले. गर्भाशयमुखाचा कर्करोग शहरात हळूहळू घटला आणि स्तनाचा कर्करोग स्त्रियांमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. लग्नाचे वाढते वय, कमी मुले, बदलते राहणीमान, अशी एकेकाळी पारशी समाजात दिसणारी कारणे आता अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड सर्वच समाजांत पसरली आहेत. पारशी स्त्रियांतील रोगाचे उत्तर विषाणूपेक्षा या कारणांत अधिक होते, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्हीच्या डीएनए चाचणीला गर्भाशयमुखाच्या तपासणीत पहिली पसंती दिली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एचपीव्ही लशीला २०२२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. लस मुख्यतः मुलींसाठी आहे. ज्या स्त्रिया आज तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना चाचणीच तारू शकते. तरीही भारताच्या सार्वजनिक कार्यक्रमाचा भर आजवर आम्ल लावून पाहण्यावरच राहिला आहे आणि विषाणूची चाचणी बहुतांशी पैसे मोजू शकणाऱ्या स्त्रीपुरती उरली आहे. या चाचणीचे मोल जगाला महाराष्ट्रातील खेड्यांनी दाखवले. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, बोरिवलीचे भगवती आणि जुहूचे कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांत येणाऱ्या प्रत्येक स्त्रीला पस्तिशीत एकदा आणि पंचेचाळिशीत एकदा ती मोफत मिळाली पाहिजे.